मदत हवी आहे : केगमध्ये कोकम सोडा भरण्याविषयी

नमस्कार. आम्ही मालवणजवळ राहतो आणि घरच्या रातांब्यांचे अमृत कोकम (साखरेतले गोड सरबत) व आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) करतो. बिअरसाठी वापरतात तसा १९ लिटरचा स्टीलचा केग (दाब सहन करणारे बंद पिंप) घेऊन त्यात कोकम सोडा करण्याचा विचार आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा असल्यामुळे यीस्ट घालून आंबवण्याच्या वाटेला जायचे नाही. फक्त सरबतात दाबाने कार्बन डायऑक्साइड मुरवायचा आहे.

४ अंश सेल्सिअसला साधारण १२ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) इतका दाब आठवडाभर ठेवला, तर पेयात बिअरइतका वायू विरघळतो. पेय कोमट असेल, तर त्याच दाबाखाली तो फार कमी विरघळतो. त्यामुळे केग उभा मावेल असा फ्रीज आधी घ्यावा लागेल.

खरी काळजी आगळाची आहे. त्यात आम्ल आणि मीठ दोन्ही असतात, आणि मिठातील क्लोराइडमुळे केगच्या ३०४ प्रतीच्या (न गंजणाऱ्या, स्टेनलेस) स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात, विशेषतः झाकणाच्या रबरी कडेखाली, जिथे थेंब अडकून राहतो. म्हणून केगमध्ये बिनमिठाचे अमृत कोकम गाळून भरावे आणि मीठ व जिरेपूड पेल्यातच घालावी, हे योग्य ठरेल का?

तसेच रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात खाद्य दर्जाचा कार्बन डायऑक्साइड लहान सिलिंडरमध्ये कोठे भरून मिळतो? वेल्डिंगसाठीचा वायू पेयात वापरण्याची माझी तयारी नाही. जुना केग घेताना रबरी सीलखेरीज आणखी काय तपासावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.