मदत हवी आहे: अस्वलाच्या विष्ठेत मोहफुलं सापडतच नाहीयेत, मोजू कशी?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव नागझिऱ्याच्या कडेला, गोंदिया जिल्हा. प्रोजेक्टचा विषय आहे अस्वल उन्हाळ्यात काय खातं. वनविभागाची परवानगी गाइड सरांनी काढून दिलीय. फेब्रुवारी ते मे गावाभोवतीच्या जंगलातून विष्ठेचे ४७ सॅम्पल आणले आणि आता धुवायला बसले तर डोकं चालेनासं झालंय.

१ मिमीच्या चाळणीत सॅम्पल घालून नळाखाली धुते, मग उन्हात वाळवून चिमट्याने वेगळं करते. फेब्रुवारीचं सोपं गेलं, बोराच्या आठळ्याच आठळ्या. मे मध्ये टेंभराच्या (तेंदूच्या) चपट्या चकचकीत बिया, त्याही लगेच ओळखू येतात. वाळवीची डोकी चारही महिने आहेतच, सोबत मूठभर माती. गोची झालीय ती मार्चअखेर ते एप्रिलच्या सॅम्पलची. डबा उघडला की मोहाचा आंबूस गोड वास घरभर होतो, आई पण बाहेरूनच म्हणते मोह आणलास काय गं, आणि पाणी सोडलं की तो तपकिरी लगदा सगळा वाहून जातो, चाळणीत उरतात मुंग्यांची पाचपंचवीस डोकी. आता मी शीटमध्ये एप्रिल महिन्यात मुख्य आहार मुंग्या असं लिहू का? आमच्या गावातलं शेंबडं पोरगं पण सांगेल की एप्रिलात अस्वल मोहाखालीच असतं.

मला हे नीटच करायचंय, त्याचं कारण सांगते. मागच्या एप्रिलात माझी मावशी पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला गेली, अंधारच होता, झाडाखाली खाली मान घालून वेचत होती. पलीकडे अस्वलही खाली मान घालूनच खात होतं, दोघांनाही कळलं नाही, कळलं तेव्हा मध्ये चार हात पण अंतर नव्हतं. डोक्याला ३२ टाके पडले. मावशी वाचली, पण गावात तेव्हापासून अस्वल माणसावर टपून बसतं हेच चाललंय, मारायची भाषा करतात लोक. मावशी स्वतः म्हणते की ते पण दचकलं गं. मला गावासमोर दाखवायचंय की ते आपल्यामागे येत नाही, मोहामागे येतं, आणि माझ्याच आकड्यात मोह नसेल तर मी काय दाखवणार?

कोणी हे काम केलंय का? लगदा मोजायची काही पद्धत आहे का? टक्केवारी कशावर काढू, किती सॅम्पलमध्ये सापडलं त्यावर की वाळल्यावरच्या वजनावर? नेपाळमधल्या चितवनच्या अभ्यासात वाळवीचा वाटा मोठा दिसतो, पण इकडे मोहाचं जंगल आहे, तुलना तरी कशी करू?

प्रतिसाद – रानवाट
ताई, आधी एक काम करा, धुतलेलं पाणी फेकणं आजपासून बंद. बादलीत धरा, रात्रभर ठेवा, तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघा. मोहाचं फूल पडतं ते पुंकेसरांसकट पडतं, त्यामुळे परागकण पोटात जातातच आणि त्यांचं कवच सहसा पचत नाही. चाळणी पण बारीक घ्या, केसाळ परागकोश अडकतील. ताजी मोहफुलं त्याच चाळणीत धुऊन काय उरतं ते आधी बघून ठेवा म्हणजे ओळख पटेल. फक्त सांभाळून, अस्वलाने मध खाल्ला असेल तरी मोहाचे परागकण येणार, म्हणून मेण किंवा मधमाशीचे तुकडे आहेत का तेही लिहा.
टक्केवारी दोन्ही द्या. नुसत्या वजनावर गेलात तर आठळ्या जिंकतात, नुसत्या हजेरीवर गेलात तर दोन मुंग्या आणि पोटभर मोह एकाच मापात येतात. ग्रिझलीवर (अमेरिकेतलं तपकिरी अस्वल) पिंजऱ्यात मोजून खाऊ घालून, किती खाल्लं आणि विष्ठेत किती उरलं याचे गुणक काढलेत, पण ते आपल्या अस्वलाला जसेच्या तसे लावू नका.
आणि गावाला काय दाखवायचं ते विष्ठेतून अर्धंच कळेल. अस्वल झाडाखाली किती वाजता येतं हे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) सांगेल, त्याची परवानगी वेगळी मागा. छातीवरचा पांढरा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो, समोरून फोटो आला तर अस्वलं पाच की एकच पाचदा तेही कळेल. तोवर लोकांना एवढं सांगा, उजाडल्याशिवाय जाऊ नका, चारचौघं मिळून जा, बोलत जा. वारुळात तोंड घालून वाळवी ओढताना त्याचा आवाज शंभर मीटरवर ऐकू येतो, त्या आवाजात त्याला तुमची पावलं कुठून ऐकू येणार.

धागाकर्ती
दादा, खूप खूप आभार. फ्रीजरमध्ये एप्रिलचे ९ सॅम्पल न धुतलेले शिल्लक होते, काल रात्री त्यातला एक बारीक चाळणीत धुतला तर पिवळट केसाळ परागकोश निघाले, मोजले ६१! मेणाचा तुकडा नाही, मधमाशी नाही. मावशीला फोटो दाखवला तर म्हणाली हे तर मोहाच्या फुलातलंच. आता अडचण एकच, आधी धुऊन टाकलेल्या एप्रिलच्या सॅम्पलचं काय करू? ते मोहाच्या हिशेबातून सरळ वगळले आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं तर चालेल ना?