मदत हवी आहे: व्हॅनेडियम मिसळल्यावर वाढलेली कठीणता घन द्रावणामुळेच (म्हणजे परका अणू स्फटिकाच्या जाळीत मूळ अणूच्या जागी बसल्यामुळेच) आहे, हे कसे ठरवावे?

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहून पीएच.डी.साठी मॅक्स फेज या स्तरित सिरॅमिकांवर काम करते. भट्टी आणि कठीणता मोजण्याचे यंत्र नागपूरला असल्यामुळे महिन्यातून एकदाच, तेही दोन दिवसांसाठी, जाता येते. म्हणून पुढच्या फेरीत आधी काय तपासावे, हे जाणकारांना विचारते आहे.

दोन भाग टायटॅनियम, एक भाग अॅल्युमिनियम आणि एक भाग कार्बन असलेल्या कार्बाइडच्या पेलेट मी बनवल्या. काहींमध्ये टायटॅनियमचा दहावा हिस्सा काढून व्हॅनेडियम घातले. 10 न्यूटन भाराखाली साध्या पेलेटची विकर्स कठीणता (हिऱ्याच्या टोकाने उमटलेल्या ठशावरून मोजलेली) 4.3 गिगापास्कल आली, तर व्हॅनेडियमच्या पेलेटची 5.4. एक्सआरडीतील (क्ष-किरण विवर्तनातील) शिखरे मोठ्या कोनाकडे सरकली आहेत, म्हणजे एकक पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) आकसली आणि व्हॅनेडियम जाळीत शिरले, एवढे नक्की.

तरीही हा सगळा परिणाम घन द्रावणाचा आहे, असे लिहायला माझे मन धजत नाही. टायटॅनियमच्या जागी नायोबियम घातले तर कठीणता वाढत नाही, हे प्रसिद्ध झाले आहे, दोन्ही अणूंच्या धातुत्रिज्या जवळपास सारख्या (1.47 आणि 1.46 अँगस्ट्रॉम) असल्याने ते पटते, आणि व्हॅनेडियमची त्रिज्या 1.34 असल्याने तेथे जाळीत ताण येऊन कठीणता वाढावी, असा तर्कही करता येतो. पण मग टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडमध्ये सिलिकॉनच्या जागी त्याहून मोठे जर्मेनियम घालूनही कठीणता का वाढत नाही? उलट टायटॅनियम-अॅल्युमिनियम कार्बाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजन निम्मे निम्मे घेतले की ती वाढलेली दिसते. शिवाय माझ्या व्हॅनेडियमच्या नमुन्यात टायटॅनियम कार्बाइडचे एक बारीक शिखर आहे, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

प्रतिसाद: ताई, तुमची भीती रास्त आहे. टायटॅनियम कार्बाइड मॅक्स फेजच्या कित्येक पट कठीण असते, त्यामुळे त्याचा थोडासा अंशही आकडा वर नेतो. कणांचा आकारही पाहा: टायटॅनियम सिलिकॉन कार्बाइडमध्ये 3 ते 5 मायक्रोमीटर कणांची वाकवण-ताकद सुमारे 600 मेगापास्कल असते, तर 100 ते 200 मायक्रोमीटर कणांची सुमारे 330, आणि रासायनिक घटक मात्र तेच. म्हणून नागपूरला पहिला दिवस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला द्या. भार वाढवून कठीणता पुन्हा मोजा, कारण कमी भाराला ठसा एक-दोन कणांवरच पडू शकतो. सच्छिद्र पेलेटची कठीणता कमी भरते, पण सच्छिद्रता तपासण्यासाठी नागपूरच्या फेरीपर्यंत थांबू नका. पेलेट पाण्यात उकळून, गार करून, आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता गावीच मोजता येईल. साध्या पेलेटची सैद्धांतिक घनता 4.11 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर धरा, दुसरीची तुमच्या एक्सआरडीतून काढा.

धागाकर्ती: सर, मनापासून आभार. महाविद्यालयातील काट्यावर काल घनता मोजली. साधी पेलेट सैद्धांतिक घनतेच्या 93 टक्के भरली, व्हॅनेडियमची 98 टक्के. म्हणजे मी सच्छिद्र पेलेटची तुलना भरीव पेलेटशी करत होते. आता साधी पेलेट जास्त वेळ सिंटर करून (भट्टीत तापवून घट्ट करून) दोन्हींची घनता आधी जुळवते, आणि मगच कठीणतेचे आकडे शेजारी ठेवते.