‘राशोमोन’ दाखवताना आणि बघताना : आपापले बारकावे लिहा

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘राशोमोन’ हा चित्रपट १९५० चा, १९५१ मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. जंगलात एक सामुराई मरतो आणि डाकू ताजोमारू, सामुराईची बायको, मेलेला सामुराई स्वतः आणि एक लाकूडतोड्या त्याच घटनेच्या वेगवेगळ्या हकिगती सांगतात. ज्यांनी तो दाखवलाय किंवा शिकवलाय, त्यांनी फक्त कामाचं लिहावं.

प्रक्षेपण
चौकट १.३७:१ (रुंदी : उंची) ची आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायला चित्र झूम केलं की वरखाली काप जातो आणि न्यायालयाच्या दृश्याचं वाटोळं होतं. तिथे साक्षीदार पुढे असतो, लाकूडतोड्या आणि भिक्खू मागे भिंतीलगत बसलेले असतात. त्यांचं ते निमूट ऐकत बसणं दिसायलाच हवं.

आवाज
पातळी बायकोच्या जबानीवर लावू नका. तिथे संगीतकार हायासाकांचं बोलेरोच्या (स्पॅनिश नृत्यसंगीताच्या) चालीचं संगीत वाजतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. लाकूडतोड्याच्या शेवटच्या हकिगतीवर लावा. तिथे संगीत नाही. धापा, पाचोळा, भेदरलेल्या डाकूची आणि सामुराईची झटापट, एवढंच. सभागृहातले पंखे घरघरत असतील तर ते दृश्य हातचं गेलं.

छायांकन
छायालेखक मियागावा. दाट जंगलात उजेड पुरेना, म्हणून आरशांनी ऊन वळवलं. आरशाचा उजेड कडक असतो, त्याच्या वाटेत पानं आली की चेहऱ्यावर सावल्या धारदार पडतात. प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट वाढवलात तर त्या सावल्यांचे नुसते काळे डाग होतात.
ज्या पडक्या वेशीत बसून ही गोष्ट सांगितली जाते, तिथल्या पावसाच्या पाण्यात काळी शाई मिसळली होती, कारण राखाडी आभाळापुढे साध्या पाण्याच्या धारा दिसत नव्हत्या. ब्राइटनेस चढवलात की हाही पाऊस फिका पडतो.

चर्चा
‘खरं कोण बोलतं?’ इथून सुरुवात केली की पाच मिनिटांत चर्चा आटपते. बायकोच्या खंजिराचा हिशेब मांडायला लावा. ताजोमारू म्हणतो, तो घ्यायचा राहून गेला. बायकोच्या जबानीत तो नवऱ्याच्या छातीत आहे. मेलेला नवरा अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून सांगतो, कुणीतरी तो उपसून नेला. लाकूडतोड्याच्या पहिल्या जबानीत टोपी आहे, दोर आहे, खंजीर नाही! मोत्यांच्या जडावाची वस्तू ती. हे फळ्यावर लिहिलं की सगळ्यांची नजर आपोआप लाकूडतोड्याकडे वळते.

भर
न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार थेट आपल्याकडे बघून बोलतात. म्हणून जबान्या चालू असताना सभागृहात पूर्ण अंधार ठेवा आणि उशिरा येणाऱ्यांना दाराशीच थांबवा.