मेंदूला सूज, दाह की आणखी काही?

माहेरची_वाट: अल्झायमरच्या पेशंटच्या घरच्यांसाठी चार पानी पुस्तिका मराठीत करतेय. न्यूरोइन्फ्लमेशनला, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशींच्या चवताळण्याला, मी 'मेंदूला सूज' लिहिलं आणि मसुदा आधी जाऊबाईंना वाचायला दिला, कारण सासूबाईंचं सगळं त्याच बघायच्या. वाचून त्यांना रडूच फुटलं, "अगं सूज होती तर तेव्हाच का नाही सांगितलं कुणी, इंजेक्शन देऊन उतरवली असती!" आता तो शब्द ठेवायला हात धजत नाही. काय लिहू?

सदाफुली: सरळ दाह लिहा ताई. इन्फ्लमेशनच्या मूळ लॅटिन शब्दातही ज्वाळाच आहे.

वैद्यबुवा: दाह म्हणजे जळजळ, ते लक्षण झालं. योग्य शब्द शोथ. श्वि धातू, फुगणे. आपलं सुजणं त्याच कुळातलं.

राखणदार: म्हणजे फिरून सूजच की बुवा! या आजारात मेंदू उलट आकसत जातो. बिघाड आहे तो मायक्रोग्लियात, मेंदूतल्या पहारेकरी पेशी त्या, स्पॅनिश शास्त्रज्ञ ओर्तेगाने १९१९ मध्ये नाव दिलेल्या. आधी अमायलॉइड नावाच्या, मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा कचरा खातात, पण वर्षानुवर्षं तो हटेना की त्यांचं चवताळणं थांबतच नाही आणि चांगल्या पेशींच्या जोडण्याही कुरतडल्या जातात. २०१३ मध्ये ट्रेम२ जनुकातला धोका वाढवणारा बदल सापडला, तो याच पेशींशी निगडित.

सदाफुली: मग सूज उतरायची गोळी दिली तर?

राखणदार: नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब देऊन अमेरिकेत पाहिलंय, २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या, आजार टळला नाही. म्हणून तर 'सूज' नको, उद्या कुणी आजीला रोज ब्रुफेन देत बसेल.

चुलीपाशी: 'धुमसणं' का नाही? आमची आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायची, वरून सगळं गार, पहाटे बोट घातलं की चटका. तसंच आहे ना हे, वरून काही दिसत नाही.

वैद्यबुवा: वैद्यकीय मजकुरात चुलीची भाषा नको. परिभाषा सैल झाली की अर्थही सैल होतो.

चुलीपाशी: ज्या माऊलीने वाचायचंय तिला शोथ कळणार आहे का बुवा? त्या गरम राखेला आमच्याकडे फुफाटा म्हणतात.

सदाफुली: फुफाटा म्हणजे रस्त्यावरची तापलेली धूळ ना? आमच्या मराठवाड्यात तरी तेच.

चुलीपाशी: 'आगीतून फुफाट्यात' मधे धूळ कुठून येईल? आगीशेजारी राखच असणार.

माहेरची_वाट: अहो, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय...

वैद्यबुवा: फुफाटा की फुपाटा, आधी ते ठरवा. मी लहानपणापासून प च ऐकलाय.