मोठ्या वयात कार शिकलात, की कारविना निभावले? नागपूरकरांचा अनुभव धागा

आपल्या नागपुरात 'गाडी' म्हटले की बहुधा दुचाकीच डोळ्यांपुढे येते. कॉलेजच्या वयात ती हातात येते आणि पुढची तीस वर्षे भाजीपासून लग्नाच्या आहेरापर्यंत सारे काही तिच्यावरूनच होते. कारचे तसे नाही. ती घरात येते तेव्हा चालवणारा एकच असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या सोयीसाठी थांबून राहतात. मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले, कारण "मला कोण सोडून देईल?" हे दर आठवड्याला विचारणे मला नकोसे झाले होते. माझी एक जवळची मैत्रीण मात्र कार न शिकताच या प्रश्नातून सुटली. तिचा मार्गही मला तितकाच मोलाचा वाटतो. म्हणून सल्ल्यापेक्षा घडलेले लिहा: कुठे शिकलात, काय अडले, आणि शिकला नसाल तर कसे फिरता.

मानेवाडा, गृहिणी, वय ५१

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री दोनच्या सुमारास यजमानांच्या छातीत दुखू लागले. खाली आमची कार उभी होती, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती, आणि ती चालवू शकणारा घरातला एकमेव माणूस घामाने भिजून पलंगावर बसला होता. शेजारच्या मुलाला उठवले, त्याने रुग्णालयात पोहोचवले आणि यजमान आज बरे आहेत. पण त्या मुलाने दार उघडेपर्यंतचा वेळ मी विसरू शकत नाही.

महिनाभराने मी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केला. आधारच्या साहाय्याने ती परीक्षा घरबसल्या देता येते. चाळिशी उलटलेली असल्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र तेवढे जोडावे लागले. हा परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मी ती देऊन उत्तीर्णही झाले, कारण बेसा भागातल्या रिकाम्या लेआउटमधल्या सिमेंट रस्त्यांवर सकाळी सहाला मला सारे जमत असे. शिकवणारे दादा प्रत्येक वळणावर म्हणायचे, "काऊन घाबरून राहिल्या ताई? क्लच सोडाची घाई नका करू." परवाना हाती आला, पण सक्करदऱ्याच्या चौकात संध्याकाळी सातला कार तीनदा बंद पडली आणि मागच्या हॉर्नने माझे हातपाय गार पडले, तेव्हा कळले की खरे शिकणे अजून बाकी आहे.

ते मी सेमिनरी हिल्सच्या चढावर शिकले. यजमान शेजारी बसत आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हे आमचे ठरलेले होते. चढावर थांबायचे, हँडब्रेक ओढायचा, क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनचा आवाज जड होतो आणि कारचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटते. तिथे पाय तसाच धरून थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. हे मी दोन रविवारांत कितीदा केले याची मोजदाद नाही. तिसऱ्या रविवारी कार एक वीतही मागे सरकली नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

इंदोरा, मिहानमध्ये (खापरीजवळच्या उद्योग परिसरात) नोकरी, वय ३४

मला कार परवडते आणि चालवताही येते, तरी मी घेतलेली नाही. २०१९ च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचा मला उपयोग नव्हता, कारण माझे घर उत्तरेला. ११ डिसेंबर २०२२ ला कस्तुरचंद पार्क ते ऑटोमोटिव्ह चौक हा टप्पा सुरू झाला आणि इंदोरा चौकापासून खापरीपर्यंत डबा न बदलता जाता येऊ लागले. सकाळी बसायला जागा मिळते, वाचन होते आणि वर्धा रोडच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही.

अडचण खापरीला उतरल्यावर आहे. स्थानकापासून कार्यालयापर्यंत शेअर ऑटो भरेपर्यंत थांबावे लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तो थांबण्याचा वेळ फार जड जातो. मी दोन वर्षे सायकल मेट्रोच्या डब्यात घेऊन गेलो, कारण आपल्या मेट्रोत तिची मुभा आहे. उन्हाळ्यात मात्र ते शक्य होत नाही. 'मेट्रो आहे ना' असे म्हणणाऱ्यांनी स्थानक ते दार हे अंतरही मोजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हिंगणा रोड, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक

मोठ्या वयाचे शिकणारे मला मनापासून आवडतात, कारण ते प्रश्न विचारतात. माझ्या बाजूला क्लच आणि ब्रेक असतो, पण स्टेअरिंग एकच असते आणि ते शिकणाऱ्याच्याच हातात असते, हे मी पहिल्या दिवशी सांगतो. लोक समजतात की वीस-पंचवीस वर्षे दुचाकी चालवलेल्याला कार लवकर येईल. रस्त्याची जाण त्याला असते, हे खरे. परंतु दुचाकीस्वाराची नजर सतत फट शोधत असते. ऑटो आणि बस यांच्यामधली जागा दिसली की तो न कळत तिकडे वळतो आणि आपल्या डाव्या अंगाला आता आणखी एका माणसाची रुंदी आहे, हे विसरतो. आरसा पाहण्याची सवयही बहुतेकांना नसते, कारण दुचाकीवर मान वळवून भागते. ज्यांनी कधीच काही चालवले नाही, ते पहिला आठवडा फार घाबरतात. पण त्यांना काही विसरायचे नसते, म्हणून पुढे त्यांचे हात स्थिर राहतात. डाव्या बाजूचा अंदाज यावा म्हणून मी रस्त्याच्या कडेला विटा ठेवतो आणि चाक विटेपासून हातभर अंतरावर आणायला लावतो. रोज अर्धा तास हेच.

ऑटोमॅटिक कार घेणार असाल तर त्याच प्रकारावर शिकण्यात कमीपणा मानू नका. भीतीचा अर्धा भाग क्लचमध्येच असतो.

इतवारी, निवृत्त, वय ६६

माझ्या दृष्टिदोषामुळे मला परवाना मिळणेच शक्य नव्हते, म्हणून शिकावे की न शिकावे ही निवड माझ्यासमोर कधी आली नाही. आयुष्यभर सायकल रिक्षा, 'स्टार बस' आणि नंतर 'आपली बस' या शहर बससेवा, आणि आता अग्रसेन चौकातून मेट्रो. लेक सुभाषनगरला राहते. पूर्वी जावई न्यायला येत आणि मला संकोच वाटे. आता मी पोहोचल्यावर फोन करतो.

प्रतापनगर, शिक्षिका, वय ४४

मी शिकायला सुरुवात केली आणि सोडून दिली. सोळाव्या दिवशी रिव्हर्स घेताना मागे उभ्या असलेल्या स्कूटरला धक्का लागून ती पडली. तिच्यावर कोणी बसलेले नव्हते, नुकसान भरून दिले, प्रश्न मिटला. पण एका मिनिटापूर्वी तिथे एक लहान मुलगी उभी होती आणि ती मला आरशात दिसली नव्हती. लोक म्हणाले, भीती मोडण्यासाठी लगेच पुन्हा बसा. मी बसले नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. आईला भेटायला दर पंधरवड्याला काटोलला जाते, गणेशपेठच्या स्थानकावरून एसटीने. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे तो प्रवास मी कोणाकडे पैसे किंवा वेळ न मागता करते. शेवटची बस चुकेल या काळजीने आईकडून लवकर निघावे लागते, एवढे मात्र खुपते.

खामला, निवृत्त बँक कर्मचारी, वय ५८

नोकरी संपल्यावर शिकले. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच वर्षांसाठीच मिळतो, तेव्हा "एवढ्यासाठी कशाला?" असे घरातून विचारले गेले. गेल्या महिन्यात माझ्या दोन नणंदांना घेऊन मी स्वतः रामटेकला गेले. मनसरपर्यंत महामार्गावर ट्रक जवळून गेले की खांदे आखडत होते. गडावर जाणाऱ्या रस्त्याच्या वळणांवर मी दुसऱ्या गिअरमध्येच राहिले आणि मागच्यांना पुढे जाऊ दिले. वर पोहोचल्यावर मोठी नणंद, जी पंचाहत्तर वर्षांची आहे, दर्शनाला जाण्याआधी कारच्या पुढच्या बाजूला आली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेला आंभोऱ्याला नेशील का?" मी हो म्हटले आहे.