जिमचे सदस्यत्व रद्द होत नाही आणि वसुली एजंट घरच्यांना फोन करतात : काय करावे?

कोथरूडवासी :

नमस्कार. गेल्या वर्षी मी पुण्यातील एका जिमचे वार्षिक सदस्यत्व 24,000 रुपयांना घेतले. एकरकमी पैसे भरण्याऐवजी ‘बिनव्याजी बारा हप्ते’ घ्या, असे काउंटरवरील कर्मचाऱ्याने सुचवले, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि पुढचे सर्व सोपस्कार स्वतःच्याच टॅबवर उरकले. हे हप्ते जिमला जात नसून एका वित्तसंस्थेने माझ्या नावावर मंजूर केलेल्या कर्जाचे आहेत, हे तेव्हा मला कोणीही सांगितले नाही.

चौथ्या महिन्यात माझ्या कमरेतील मणक्याची गादी सरकल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी वजने उचलण्यास मनाई केली. वैद्यकीय प्रमाणपत्रासह सदस्यत्व रद्द करण्याचा अर्ज दिला, तेव्हा ‘फी परत मिळत नाही, हवे तर सदस्यत्व दुसऱ्याच्या नावावर करून देऊ’ असे तोंडी उत्तर मिळाले. अर्जाची पोच द्यायलाही त्यांनी नकार दिला. त्यानंतर मी बँकेतून हप्त्यांचे ऑटो-डेबिट बंद केले. आता वसुली एजंट रात्री नऊनंतर फोन करतात आणि साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांना ‘तुमच्या मुलीवर वॉरंट निघेल’ असे सांगतात. वडील हृदयरुग्ण आहेत. न घेतलेल्या सेवेचे पैसे भरणे मला बंधनकारक आहे का, आणि हे फोन कसे थांबवता येतील?

ग्राहकमित्र_ठाणे :

ताई, आपल्या प्रकरणात दोन स्वतंत्र करार आहेत आणि सारा गुंता तिथेच आहे. एक जिमशी, दुसरा वित्तसंस्थेशी. वित्तसंस्थेने संपूर्ण रक्कम सुरुवातीलाच जिमला दिलेली असते. त्यामुळे आपण जिमला जाणे थांबवले तरी कर्ज आपल्या नावावर तसेच राहते. म्हणून जिमला केवळ ‘पैसे परत करा’ असे न लिहिता, ‘उरलेल्या कालावधीची रक्कम थेट माझ्या कर्जखात्यात जमा करून कर्ज बंद करा’ अशी मागणी ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह करावी व त्याची प्रत वित्तसंस्थेलाही पाठवावी.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. जिम बंद पडली असती तर सेवेतील त्रुटी उघडच होती. इथे व्यायाम थांबला तो आपल्या आजारपणामुळे, त्यामुळे केवळ त्या मुद्द्यावर निकाल आपल्याच बाजूने लागेल असे गृहीत धरू नये. कर्ज असल्याचे न सांगता ओटीपी घेतला गेला, हा आपला अधिक भक्कम मुद्दा आहे. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत की कर्जाचा वार्षिक दर आणि अटी सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र ग्राहकाला करारापूर्वी मिळालेच पाहिजे आणि दंडाविना कर्जातून बाहेर पडण्यासाठी सुरुवातीची काही मुदतही मिळाली पाहिजे. हे विवरणपत्र आपल्याला केव्हा आणि कोणत्या ईमेलवर पाठवले, याचा पुरावा वित्तसंस्थेकडे लेखी मागा.

माजी_बँक_कर्मचारी :

फोनपुरते सांगतो. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही आणि कर्जदाराच्या नातेवाइकांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करता येत नाही. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी वित्तसंस्थेचीच राहते. वडिलांच्या फोनवरील कॉलच्या नोंदीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, शक्य असल्यास संभाषण ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक वेळी एजंटाचे नाव, एजन्सी व अधिकारपत्र विचारा. बहुतेक एजंट अधिकारपत्र मागितले की फोन ठेवून देतात.

हे सर्व जोडून वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन विनामूल्य तक्रार करता येते. वॉरंट काढणे हे न्यायालयाचे काम आहे, एजंटाचे नव्हे, आणि कर्ज थकणे ही मुळात दिवाणी बाब आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला, तर मात्र तो गुन्हा ठरवणारे 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचे कलम 25 लागू होऊ शकते; त्यामुळे वकिलाची लेखी नोटीस आली तर तिला मुदतीत उत्तर द्या. धमक्या सुरूच राहिल्या तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या; भारतीय न्याय संहितेचे कलम 351 गुन्हेगारी धाकदपटशाबद्दलच आहे.

नाशिककर_७ :

माझे मत वेगळे आहे. जिमने फसवले असताना एक रुपयाही का भरायचा? आपण भरत राहतो म्हणूनच हे लोक सोकावतात.

ग्राहकमित्र_ठाणे :

आपला संताप रास्त आहे, परंतु हप्ता थांबल्याने जिमचे काहीच बिघडत नाही, कारण तिचे पैसे केव्हाच वसूल झालेले असतात. थकबाकीची नोंद होते ती ताईंच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, आणि उद्या गृहकर्ज मागायला गेल्यावर तीच आडवी येते. शक्य असेल तर हरकत लेखी नोंदवून हप्ते भरावेत आणि ती रक्कम जिमकडून वसूल करण्यासाठी आयोगात जावे, असे माझे मत आहे. तक्रारीत जिम आणि वित्तसंस्था या दोघांनाही प्रतिपक्ष करावे.

कोथरूडवासी :

दोघांचेही मनापासून आभार. आजच एजंटाने ‘निम्म्या रकमेत प्रकरण मिटवू, माझ्या यूपीआयवर पाठवा’ असा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का?

माजी_बँक_कर्मचारी :

एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर काहीही पाठवू नका. तडजोडीचे पत्र वित्तसंस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आले तरी लक्षात घ्या, की कमी रकमेत मिटवलेले कर्ज अहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढचा सावकार त्याकडे संशयाने पाहतो. पूर्ण फेड झाल्यावर खाते ‘क्लोज्ड’ दिसते. कर्ज बंद झाले की ना-हरकत दाखला घ्या आणि काही आठवड्यांनी क्रेडिट अहवाल तपासा; प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असेल आणि तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क आहे.