मे महिन्यातलं बाळंतपण: शेगडी, लाडू, पाणी. काय ठेवायचं, काय सोडायचं?

टिनाचं_घर (आर्णी तालुका)

धाकट्या बहिणीची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पहिलटकरीण. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात, तिथून थेट माहेरी, सव्वा महिना. घर टिनाचं, खोली एकच, दुपारची लाइन जाते. आजीची यादी तयार आहे: बाजेखाली दोन्ही वेळ शेगडी, खिडकीला गोणपाट, कान बांधून ठेवायचे, पाच दिवस पाणी घोटभरच, बाराव्या दिवसापासून डिंक-मेथीचे लाडू, बाळाला रोज गुटी. आजीचं मन मोडायचं नाही. पण बाहेर 45 अंश असताना शेगडी पेटवायची म्हणजे जीव घाबरतो. यातलं काय करायचं, किती करायचं आणि काय सोडायचं, हे जाणकारांनी नेमकं सांगावं.

काढेवाले_वैद्य

आजीची यादी पौष-माघातल्या बाळंतपणाची आहे. 

शेगडीला आधार नाही असं मात्र आजीला सांगू नका, ती तुम्हाला हरवेल. चरकाच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, सूतिकागारात, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत, तिंदुकाच्या लाकडांचा, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या झाडाचा अग्नी कायम असावा असं आहे. पण तो रक्षाकर्मात, म्हणजे आई-बाळाच्या रक्षणाच्या विधीत, सांगितलाय. बाजेखाली ठेवून कंबर भाजायला सांगितलेला नाही. बाळंतिणीच्या अंगासाठी तिथे क्रम वेगळा आहे: भूक लागल्यावर पचेल तेवढंच तूप किंवा तेल, त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, सुंठ यांचं चूर्ण; पोटाला तूप-तेल लावून मोठ्या कापडाचा वेढा; तूप जिरलं की पातळ पेज; दोन्ही वेळ गरम पाण्याचं स्नान. असं पाच ते सात रात्री, आणि मग हळूहळू पुष्टीचं. काश्यप संहितेत तर देशाप्रमाणे फरक केलाय. दमट आनूप देशात स्नेहाला, म्हणजे तेला-तुपाला, हात आखडता, शेकावर आणि निवाऱ्यावर भर; कोरड्या जांगल देशात स्नेह द्यायचा. यवतमाळचा मे महिना कोरडाच. म्हणून तेल-तूप ठेवा, आग काढा.

प्रत्यक्षात असं करा. तिळाचं तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर तापवू नका. सकाळी सात-आठच्या आत पंधरा-वीस मिनिटं कंबर, पाठ, मांड्या, पाय. मग निरगुडीचा पाला उकळलेल्या पाण्यानं आंघोळ, पाणी कोपराला सोसेल इतपतच. शेकाची हौस असेल तर रबरी पिशवी कापडात गुंडाळून कंबरेला दहा मिनिटं, तीही सूर्य बुडाल्यावर.

पहिले तीन दिवस ज्वारीच्या कण्यांची पेज: एक वाटी कण्या, आठ वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर सुंठ, वरून चमचाभर तूप. सोबत मुगाचं पातळ वरण, आणि तिला भूक असेल तर पोळी-भाजीही. तिला उपाशी ठेवू नका.

दशमूळाचा काढा: 10 ग्रॅम भरड, 160 मिली पाणी, उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवून 40 मिली. एकदा केलेला काढा त्याच दिवशी संपवा, या उन्हात रात्रीतून आंबतो. दशमूलारिष्ट मुळातच आंबवून होतं, त्यात मद्यांश तयार होतो. पाजत्या आईला मी काढाच सांगतो. बीपीच्या किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

नर्सबाई_उपकेंद्र

वैद्यबुवांनी शेगडी काढली ते बरं झालं, पण मुख्य कारण राहिलं. बंद खोलीत कोळसा किंवा गोवरी धुमसली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास. आधी डोकं दुखतं, गळाठा येतो, झोप येते. घरचे म्हणतात थकली आहे, झोपू द्या. गोणपाट लावलेली खिडकी आणि शेगडी या दोन गोष्टी एका खोलीत कोणत्याच ऋतूत नकोत.

दुसरी भानगड तापाची. शेगडीपाशी झोपलेल्या बाईचं अंग गरम लागलं तर शेकानं तापलं म्हणतात, आणि गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाचा ताप दोन-दोन दिवस लपून राहतो. घरात थर्मामीटर ठेवा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटका, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही दिसलं तर 108 लावा, सकाळची वाट पाहू नका. पोटरी दुखते म्हणून रगडायला तर अजिबात जाऊ नका, रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पाण्याला बंदी घालायचं काहीच कारण नाही. पोट सुटेल, टाके पिकतील, अशी भीती असते. पाण्यानं यातलं काही होत नाही. उलट पाणी तोडलं की लघवीला जळजळ, शौचाला खडा, टाक्यांवर जोर. दर वेळी बाळाला पाजायला बसली की हाताशी एक गिलास, दिवसाचं तीन लिटरपर्यंत. लघवी पिवळीजर्द दिसली की पाणी कमी पडतंय समजा. उकळून माठात गार केलेलं चालतं. आजीला नुसतं पाणी नको असेल तर धने-जिऱ्याचं कोमट पाणी द्या, मोजणीत तेही धरा.

कूलर लावा. वाळ्याची ताटी असेल तर उत्तम. झोत बाजेवर नको, भिंतीवर मारा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर टिनाच्या खोलीत नुसती दमट वाफ कोंडते. लाइन गेल्यावर ओल्या पंचानं अंग पुसायचं. कान बांधायचेच असतील तर सुती ओढणीनं, लोकरीच्या स्कार्फनं नाही.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, या उन्हातही वरचं पाणी नाही. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही. मध चाटवायचा नाही. त्यातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नाळ कोरडी ठेवा: तेल, हळद, राख काही नको. गुटीबद्दल वाद होईल, तरी सांगते. सहाणेवर वेखंड-जायफळाचे वेढे मोजून घेतले तरी प्रत्येक वेढ्यात किती उतरलं हे कोणालाच कळत नाही, सहाण आणि पाणी स्वच्छ असेल याचीही खात्री नाही. गुटीनं बाळ शांत झोपतं ते बऱ्याचदा जायफळाच्या गुंगीनं, आणि झोपलेलं बाळ दूध कमी ओढतं.

लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक, कॅल्शियम दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवा. चहासोबत तर नाहीच. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. ती बाळाचं वजन आणि तापमान बघते, तेव्हा बाळ झोपलंय म्हणून तिला दारातून परत लावू नका.

लाडूवाली_काकू (मूर्तिजापूर)

लाडवाचं कोणीच नाही सांगितलं, तर मी सांगतो म्हटलं. मे महिन्यात लाडू बाद करायचे नाहीत, लहान करायचे. मोठ्या निंबाएवढा, सकाळी एकच.

एका घाण्याले: खारकेची पूड पाव किलो, किसलेलं सुकं खोबरं पाव किलो, डिंक 100 ग्रॅम, गोडंबी 100 ग्रॅम, खसखस 50, मेथी 25, सुंठ 15, पिंपळमूळ 5, एक जायफळ, गूळ 400 ग्रॅम, तूप लागते तसं, पाव किलोच्या आसपास. हिवाळ्यात मेथी 50 आन् सुंठ 25 घेतो, उन्हाळ्यात जवळपास निम्मी.

मेथीचं पीठ तीन दिवस तुपात मुरू द्या, कडूपणा मरते. डिंक धावड्याचा नाहीतर बाभळीचा घ्या. कढईगोंद म्हणून विकतात थो नको, थो तुपात फुलत नाही. सालईचाही नको, थो धुपाचा. डिंक आधी उन्हात वाळवा, हरभऱ्याएवढे तुकडे करा, आन् मध्यम तुपात चार-पाच खडे टाकून फुलवा. तूप लय तापलं तर वरून लाल होते आन् आत कच्चा राह्यते, मग दातात चिकटते. बोटानं दाबला की भुगा झाला पाह्यजे.

गोडंबी पाहून घ्या. बिब्ब्याची बी आहे ते. टरफलातलं काळं तेल एखाद्या दाण्याले लागलेलं असलं तर ओठ-तोंड फुटते. काळे डाग दिसले की दाणा फेका, बाकीची कोरडी भाजा. अन् कोणी म्हणलं का बिब्बा फुलवून दुधात द्या, तर ऐकू नका.

गुळाचा पाक करायचा नाही, चमचाभर तुपात नुसता विरघळवा. बुडबुडे आले की उतरवा, नाहीतर लाडू दगडावानी. उन्हाळ्यात खोबरं आठ दिवसांत खवट होते, म्हणून महिन्याचे एकदम बांधून ठेवू नका. वास आला की बाळंतिणीच्या पोटात घालू नका.

दोन_पदरी (गडचिरोली)

एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा: बहिणीची सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का? पूर्व विदर्भात आपण हे विचारतोच, यवतमाळलाही विचारायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे वाहक आहे की रुग्ण हे कळतं. रुग्ण असेल तर पाणी तोडणं आणि अंग तापवणं या दोन्ही गोष्टींनी तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात, हाडं-छाती असह्य दुखते, आणि घरी त्याला बाळंतवात म्हणून आणखी शेक देतात. अशा बाईला स्वतःच्या मनानं लोह वाढवून देऊ नका, फोलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र चुकवायची नाही. ती वाहक किंवा रुग्ण निघाली तर जावयांचीही तपासणी करा.

टिनाचं_घर

सगळ्यांचे आभार. सिकलसेलची टेस्ट तिसऱ्या महिन्यातच झाली, निगेटिव्ह आहे. शेगडीवर आजी निम्मी तयार आहे, निदान धुरी तरी द्या म्हणते: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. आणि मालिशवाली बाई तिसऱ्या दिवसापासून पोट चोळून "पिशवी जागेवर" बसवते. सिझर झालं तर काय?

नर्सबाई_उपकेंद्र

पिशवी, म्हणजे गर्भाशय, आपोआप बसते. बाळंतपणानंतर ती बेंबीपाशी लागते, रोज साधारण बोटभर खाली उतरते, दहा-बारा दिवसांत वरून हाताला लागत नाही. चोळून घाई केली तर दुखणं आणि रक्तस्राव वाढतो. सिझर असेल तर टाके भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, पोटाला हातच नको. टाक्यांच्या आसपासची कातडी बधिर असते, गरम पाण्याच्या रबरी पिशवीचा शेक भाजला तरी तिला कळत नाही. हातापायाला हलकं तेल आठवड्यानंतर चालेल.

काढेवाले_वैद्य

पोटाचा वेढा बांधला तर दोन बोटं आत गेली पाहिजेत, जेवताना सैल करा, रात्री सोडून ठेवा. सिझरला डॉक्टरांनी सांगितला तरच.

धुरी खोलीत नको, बाळाच्या छातीला धूर सोसत नाही. आजीला करूच द्या: अंगणात निखाऱ्यावर चिमूटभर ओवा-शेपा टाकून बाळंतिणीची वाळलेली लुगडी त्यावर धरायची आणि झटकून आत आणायची. बाळाची दुपटी त्यात घालू नका. उरलेला बाळंतशेपा भाजून सैंधव लावून जेवणानंतर तिला चघळायला द्या, अर्धा चमचा पुरे.

लाडूवाली_काकू (मूर्तिजापूर)

शेपा भाजताना कढई कोरडी ठेवा, फुटायला लागला की लगेच उतरवा. करपला की कडू होते.